झिजलेल्या शाफ्टचं माप

मित्रांनो, मी एक जुना व्हर्नियर आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मी पाना नाही. मी हातोडी नाही, डब्याचं झाकण उचकटायचं साधन नाही आणि कान कोरायची काडी तर मुळीच नाही. ही सगळी कामं लोकांनी माझ्याकडून करून घेतली आहेत, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांनी मला कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी माझं रूप सांगतो. एक पोलादी पट्टी आणि तिला दोन जबडे. एक जबडा पक्का बसवलेला, दुसरा पट्टीवर मागेपुढे सरकणारा. मोजायची वस्तू मधे धरायची, सरकता जबडा अलगद टेकवायचा आणि पट्टीवरच्या बारीक रेघा वाचायच्या. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी मिलिमीटरपर्यंत पोचते आणि तिथेच दमते. मी त्या मिलिमीटरचेही तुकडे मोजतो. आता याला फुशारकी म्हणायचं तर खुशाल म्हणा!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलाद तापवलं, निववलं, घासलं, मग अंगावर रेघा कोरल्या. त्या रेघांचं दुखणं अजून आठवतं. शेवटी एक तपासनीस बाई मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. त्यांनी माझे दोन्ही जबडे मिटले आणि डोळ्यासमोर धरले. मिटलेल्या जबड्यांमधून उजेड दिसता कामा नये, अशी ती परीक्षा. माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी बाजूला काढलं होतं, त्यामुळे माझी तर पाचावर धारण बसली. पण माझ्या वेळी त्यांनी नुसती मान डोलावली आणि मला पेटीत ठेवलं.

तिथून मी आलो मामांच्या दुकानात. मामा खरे मामा एकाच मुलीचे, पण सगळा परिसर त्यांना मामाच म्हणायचा. दुकान अरुंद आणि लांबलचक. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कप्पे. नट-बोल्ट, वॉशर, पट्टे, बेअरिंग, रबरी सील, ड्रिलची पाती, वेल्डिंगच्या कांड्या, कामगारांचे हातमोजे. आत पाऊल टाकलं की तेलाचा आणि रबराचा वास नाकात बसायचा तो घरी जाईपर्यंत जायचा नाही.

तुम्ही म्हणाल, या दुकानात बनतं काय? काहीच नाही. बनवणारे लांबच्या कारखान्यांत बसतात आणि पेट्याच्या पेट्या विकतात. पण कोपऱ्यावरच्या बेकरीला काही पेटीभर बेअरिंग नको असतात. तिला एकच हवं असतं, आणि तेही आत्ता, कारण पीठ मळायचं यंत्र अडून बसलेलं असतं. लांबचा कारखाना आणि जवळची बेकरी यांच्या मधे कोणीतरी माल साठवून, नीट लावून, वाट बघत बसावं लागतं. ते काम मामा करायचे. लागेल तेव्हा लागेल म्हणून कितीतरी खोकी ते वर्षानुवर्षं सांभाळायचे. लोक थट्टा करायचे, "मामा, हे काय लोणचं घालायला ठेवलंय का?" मामा हसायचे आणि खोक्यावरची धूळ झटकायचे.

दुकानात येणारा माणूस बहुधा मोडकं काहीतरी हातात घेऊन यायचा. "असलंच द्या" म्हणायचा. मग मामा मला उचलायचे, मोडक्या तुकड्यावर टेकवायचे आणि माप वाचायचे. काम झालं की मऊ फडक्याने पुसून, तेलाचा एक थेंब लावून परत जागेवर. लोखंड कातणाऱ्या दोन टर्नरांचं एखाद्या मापावरून वाजलं, तर दोघेही तणतणत आमच्या दुकानात यायचे. मामांचा व्हर्नियर सांगेल ते खरं, असं ठरलेलंच होतं. ते ऐकून माझी छाती फुगायची. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

मामांची आणखी एक पद्धत होती. जरा अवघड वाटलं की वस्तू देण्याआधी ते शटर अर्धं ओढायचे, मला पिशवीत टाकायचे आणि गिऱ्हाइकाबरोबर चालू लागायचे. वस्तू जिथे बसणार ती जागा बघायची, मगच माल द्यायचा. त्या पिशवीत बसून मी कुठे कुठे गेलो! गिरण्या बघितल्या, छापखाने बघितले, बर्फाचा कारखाना बघितला. तिथे जबडे इतके गारठले की पुढचं माप मी कुडकुडतच दिलं.

मग मामांच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं. दुकान त्यांच्या भाचीने हातात घेतलं. ही तीच एक खरी भाची. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणू लागली. ताई मोठी चलाख आणि कामाला वाघ. तिने कप्प्यांना रंगीत चिठ्ठ्या लावल्या, फोनवर मागणी घ्यायला सुरुवात केली, दारात छान दिवा बसवला. हे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लोक आता घरबसल्या फोनवरून लांबून माल मागवू लागले होते, आणि आमच्या दारातली वर्दळ कमी होत चालली होती. ताईच्या मनात एकच होतं, की आपल्याकडे येणारा माणूस पटकन मोकळा झाला पाहिजे. मशीन बघायला जाण्याची मामांची पद्धत त्या घाईत मागे पडली.

आणि एक दिवस माझी सवत आली. डिजिटल. जबडे माझ्यासारखेच, पण पोटावर चकचकीत खिडकी आणि तिच्यात आपोआप उमटणारे आकडे. रेघा वाचायची कटकट नाही. बटण दाबलं की मिलिमीटरचे इंच, पुन्हा दाबलं की इंचांचे मिलिमीटर. मला खिळ्यावर टांगलं गेलं. त्याच खिळ्यावर घट्ट बसलेलं बेअरिंग ओढून काढायचा तिकटी पुलरही होता. तो अडदांड माझ्या अंगावर लटकायचा. माझ्या पाठीवर गंजाचा एक ठिपका उठला. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? दुकानाचं सगळं कानावर पडायचं, पण मला कोणी हात लावायचं नाही.

अशात एका सकाळी खोकेवाल्या मावशी आल्या. मागच्या रस्त्याला त्यांची शेड होती. पुठ्ठ्याला घड्या पाडून फळांची खोकी करणारं एक जुनं मशीन आणि त्यावर काम करणाऱ्या पाचसहा बायका. मावशींनी गोणपाटात गुंडाळलेला लोखंडी शाफ्ट काउंटरवर ठेवला. शाफ्ट म्हणजे मशीनमधला फिरणारा दांडा. सोबत ज्या कड्याच्या आधाराने तो फिरतो ते बेअरिंग, फुटून काळं पडलेलं.

"पोरी, मशीन बसलं बघ," मावशी म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "सकाळी चालू केलं आणि असा काही आवाज झाला की सगळ्याजणी बाहेर पळाल्या. उद्या संध्याकाळी फळवाल्याची गाडी येणार आहे. निम्मी खोकी अजून व्हायची आहेत."

"होईल हो मावशी. बसा तुम्ही."

"बसायला वेळ नाही गं. या खेपेला चुकलात तर मोठ्या कंपनीकडून घेईन, असं तोंडावर सांगून गेलाय तो. तो गेला तर मी त्या शेडमध्ये करू काय? बायकांना काय सांगू?"

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की मावशींचं सगळं काम त्या एका फळवाल्याच्या जिवावर चालतं. ताईने लगेच बेअरिंगवरचा आकडा शोधला. तो घासून गेला होता, आणि फुटल्यामुळे भोकाचंही माप घेता येत नव्हतं. मग तिने डिजिटल उचलला आणि बेअरिंग शाफ्टवर जिथे बसतं, बरोबर तिथे टेकवला. खिडकीत आकडा आला, अडतीस पूर्णांक एक मिलिमीटर.

ताईच्या कपाळाला आठी पडली. असलं विचित्र माप बेअरिंगला नसतं. मग तिने बटण दाबलं आणि खिडकीत दीड इंच उमटलं. काटेकोर दीड, इकडे नाही की तिकडे नाही.

"अच्छा! तुमचं मशीन इंचातलं आहे मावशी!" ताई खुशीत म्हणाली. "जुनी मशीनं असायची तशी. हे बेअरिंग मिळायला कठीण, पण मामांनी एक ठेवलंय बहुतेक."

ती शिडीवर चढली आणि अगदी वरच्या कप्प्यातून धुळीने माखलेलं खोकं काढलं. या जातीची बेअरिंग बाहेरून एकसारखी दिसतात. आतलं भोक तेवढं वेगळं, एकाचं इंचात आणि एकाचं मिलिमीटरमध्ये. मावशींचा चेहरा उजळला. शाफ्ट आणि बेअरिंग घेऊन त्या जवळजवळ पळतच गेल्या.

डिजिटलने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. सवत असली तरी प्रामाणिक होती. मी मोजलं असतं तरी तेच माप आलं असतं.

थोड्या वेळाने मामा नेहमीप्रमाणे चहाला आले. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून काळा चष्मा. ते स्टुलावर टेकतात न टेकतात तोच फोन वाजला.

"अगं, हे आत जातच नाही!" मावशींचा आवाज माझ्या खिळ्यापर्यंत ऐकू आला. "टोकावरच अडतंय. हातोडीने ठोकू का?"

"नको! मावशी, हातोडी खाली ठेवा. मी येते."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, दुकान बघा जरा," ती म्हणाली.

"मला समोरचं माणूस नीट दिसत नाही, दुकान काय बघू?"

"आवाजावरून ओळखा!"

तिने घाईघाईने खिळ्यावरून पुलर ओढला आणि पिशवीत कोंबला. मी त्याच्या पायात अडकलो होतो, म्हणून मीही पिशवीत गेलो. मला मुद्दाम निवडलं, असं सांगायला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही.

शेडमध्ये सगळं शांत होतं. बायका पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर बसून होत्या, हात मांडीवर ठेवून. काम करणाऱ्या माणसांचे रिकामे हात बघवत नाहीत. टेबलावर शाफ्ट पडला होता. त्याच्या टोकावर वंगण आणि पुठ्ठ्याची धूळ यांचा जाड थर बसला होता. ताईने फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि ते टोक घासून घासून पुसलं. मग पिशवीत हात घातला, तर हाताला मी लागलो.

तिने मला टोकावर टेकवलं. रेघा वाचायची तिची सवय गेली होती, म्हणून ती खिडकीपाशी गेली आणि डोळे बारीक करून बघू लागली. चाळीस. मग बेअरिंगच्या जागेवर, अडतीस पूर्णांक एक. पुन्हा टोकावर, पुन्हा चाळीस. शेवटी तिने शाफ्टवरून बोट फिरवलं. मधे बोटाला लागेल अशी खोलगट जागा होती.

ताई मटकन गठ्ठ्यावर बसली. "मावशी, मशीन इंचातलं नाही. शाफ्ट चाळीस मिलिमीटरचाच आहे. बेअरिंग बसतं तिथे तो झिजलाय. आणि झिजून झिजून आला कुठे, तर नेमका दीड इंचावर. मी फसले. टोक पुसून मोजायला हवं होतं. चूक माझी आहे."

"पण झिजला कशाने?"

ताईने फुटकं बेअरिंग दाखवलं. त्याच्या कडेला शाफ्टला घट्ट धरून ठेवणारे दोन छोटे स्क्रू होते. ते ढिले झाले होते. बेअरिंग शाफ्टवर घसरत राहिलं आणि त्याने शाफ्ट थोडा थोडा कुरतडला. "कितीतरी महिने कुरकुर करत असेल हे," ताई म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांतली एक हळूच म्हणाली, "करत होतं की. आम्ही रेडिओ मोठा लावायचो."

मावशींनी डोळे मिटले. आता त्या रडणार असं मला वाटलं, पण तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "चूक कुणाची ते मागून बघू. उद्याच्या गाडीचं काय ते सांग."

"नवा शाफ्ट यायला आठवडा लागेल. पण झिजलेल्या जागेवर वेल्डिंगचा थर चढवून तो कातून पुन्हा चाळीसला उतरवता येईल. चला टर्नरकडे."

मग निघाली आमची वरात. ताई स्कूटर चालवतेय, मागे मावशी शाफ्ट मांडीवर आडवा धरून बसल्यात, समोरून येणारे घाबरून बाजूला होताहेत. टर्नरची जागा म्हणजे लोखंड फिरवत कातायचा एक लेथ, एक पंखा आणि पायाखाली लोखंडाचा किस. टर्नरने शाफ्टकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"आज नाही जमायचं ताई. लेथवर पंपाचं काम लागलंय. परवा या."

"त्या पंपाचं सील माझ्याकडे उद्या दुपारी येणार आहे," ताई म्हणाली. "तुम्हीच मागवलंय. तोवर तो पंप कुठे जाणार आहे?"

टर्नरने हात कमरेवर ठेवले आणि मोठ्याने हसला. "घ्या! या दुकानदारांपासून काही लपतं का? आपल्या पोटातलं सगळं यांना आधीच ठाऊक!" त्याने पंपाचं काम लेथवरून उतरवलं आणि वेल्डिंगच्या कांड्या काढल्या. त्याही आमच्याच दुकानातल्या.

ठिणग्या उडाल्या, थर चढला. मग शाफ्ट निवायची वाट बघणं आलं. तापलेलं लोखंड फुगलेलं असतं, त्याचं माप खरं येत नाही, आणि पाणी ओतून घाई केली तर तडा जातो. मावशींचा जीव नुसता टांगणीला लागला होता. त्या येरझारा घालत होत्या. तेवढ्यात ताईने मामांना फोन करून चाळीसचं बेअरिंग कोणत्या कप्प्यात आहे ते सांगितलं. मामांनी ते काढून तिकडून जाणाऱ्या बेकरीवाल्याच्या हाती दिलं. पावांच्या करंड्यांवर बसून बेअरिंग हजर झालं.

लेथ फिरू लागला. टर्नर एक पातळ पापुद्रा काढायचा, मोजायचा, पुन्हा काढायचा. शेवटच्या मापाला त्याने स्वतःचा व्हर्नियर खाली ठेवला आणि ताईपुढे हात केला. "मामांचा द्या. उगाच मागाहून वाद नको." लेथच्या दुधट पाण्याने माझं अंग भिजलं, पण मी हूं की चूं केलं नाही. एक केसभर जास्त कापलं गेलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ आता राहिला नव्हता. माझे जबडे त्या ताज्या, चमकत्या लोखंडावर टेकले. टर्नरने वाचलं. ताईने वाचलं. मावशींना वाचता येत नव्हतं तरी त्यांनीही वाकून बघितलं.

"चाळीस," टर्नर म्हणाला. बेअरिंग हाताच्या दाबाने सरकत गेलं आणि जागेवर बसलं.

शेडमध्ये परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. सगळ्या बायका थांबून होत्या, एकही घरी गेली नव्हती. ताईने शाफ्ट चढवला, दोन्ही छोटे स्क्रू आवळले, पुन्हा एकदा आवळून बघितले. मावशींनी बटणावर बोट ठेवलं आणि क्षणभर तसंच ठेवलं. मग दाबलं. मशीन फिरू लागलं, ना खडखड ना कुरकुर. पहिला पुठ्ठा आत गेला आणि घड्या पडून बाहेर आला. एका बाईने तो उचलला, चार दुमडी घातल्या आणि खोकं तयार करून मावशींच्या हातात दिलं. त्या रिकाम्या खोक्याला मावशींनी असं धरलं की बाकीच्या हसायलाच लागल्या. त्याही हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी दुकानात आल्या. हातात ते दीड इंचाचं बेअरिंग होतं, स्वच्छ पुसलेलं.

"गाडी गेली. भरून गेली. पुढच्या हंगामाचंही बोलून गेलाय."

ताईने सुस्कारा सोडला. मग मान खाली घालून म्हणाली, "मावशी, माझ्यामुळे तुमचा अर्धा दिवस फुकट गेला."

"गेला खरा," मावशी म्हणाल्या. त्या काही तोंडदेखलं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पण फोनवरून मागवलं असतं ना पोरी, तर चुकीचं बेअरिंग तेवढं आलं असतं. त्याच्यामागून तू धावत आली नसतीस."

मामांनी काळ्या चष्म्याआडून नाक ओढलं. डोळ्यांच्या औषधाने पाणी येतं, असं त्यांचं म्हणणं.

मित्रांनो, त्या दिवसापासून ताई अवघड काम आलं की विचारते, "मशीन कुठे आहे? चला, आधी बघू." डिजिटल काउंटरवर असतो आणि त्याचं काम छान करतो, आमचं आता बरं जमतं. मी पिशवीत असतो. पाठीवरचा गंज ताईने घासून काढला, त्याचा डाग राहिला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून ठेवा, तेलाचा थेंब द्या, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे.

मी वस्तूवर टेकलो की आज ती किती आहे तेवढंच सांगतो. मुळात ती किती होती आणि झिजली किती, हे मला कळत नाही. त्यासाठी माणसाने जवळ जाऊन, पुसून, बोट फिरवून बघावं लागतं. तुमची सायकल, तुमच्या घरातला पंखा, दिवसभर राबून आलेली तुमची आई, यांपैकी कोणाचीही कुरकुर कानावर आली तर ती कानाआड करू नका. हातातलं ठेवा, जवळ जा आणि काय दुखतंय ते विचारा. बहुतेक वेळा दोन छोटे स्क्रू आवळण्याइतकंच काम असतं.